एका फोनभोवती पाच डोकी

गेल्या डिसेंबरातील एका रविवारी मी घारापुरीच्या मुख्य लेण्यात, सदाशिवाच्या मूर्तीपासून थोड्या अंतरावर, वही घेऊन दोन तास उभी होते. लोक मूर्तीकडे कसे बघतात, हे मला बघायचे होते. सकाळच्या लाँचने आलेले एक कुटुंब माझ्या शेजारी येऊन थांबले: आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मुलाने फोनवर लेण्यांची माहिती सांगणारे एक ॲप सुरू केले, एक इअरबड स्वतःच्या कानात घातला, दुसरा थोरल्या मुलीला दिला आणि दोघेही मूर्तीकडे न बघता स्क्रीनवर पुढे सरकणाऱ्या रेघेकडे बघत राहिले. आजींनी विचारले, "काय सांगतोय रे तो?" मुलगा म्हणाला, "थांब आई, संपू दे आधी." निवेदन संपायला चार मिनिटे लागली. तोवर धाकटा नातू बाहेरच्या माकडांकडे धावला होता, सून त्याच्यामागे गेली होती आणि पायऱ्या चढून दमलेल्या आजी टेकायला जागा शोधत होत्या. मुलाने इअरबड काढला आणि आईला सांगितले, "शंकराची तीन रूपं आहेत." आजी म्हणाल्या, "ते दिसतंच आहे की."

वारसास्थळे आणि संग्रहालये यांच्यासाठी ऐकण्या-बघण्याची डिजिटल साधने आखणे हा गेली बारा वर्षे माझा व्यवसाय आहे. त्या मुलाच्या कानात चालू असलेले निवेदन माझे नव्हते. पण तशी निवेदने मी लिहिलेली आहेत, स्टुडिओत चांगल्या आवाजाच्या निवेदकाकडून वाचून घेतलेली आहेत, आणि ती ऐकणाऱ्या माणसाच्या शेजारी त्याची आई उभी असेल ही गोष्ट त्या वेळी माझ्या मनातही आली नव्हती. आपल्याकडे वारसा एकट्याने बघितला जात नाही. साधने मात्र एकट्या माणसासाठी आखली जातात, आणि या कामात मला भेटलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ शोधत गेले की मी याच विसंगतीपाशी येऊन पोहोचते.

घारापुरीला, कान्हेरीला, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात किंवा फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात माणसे येतात ती कुटुंबाबरोबर, शाळेच्या सहलीबरोबर, भजनी मंडळाबरोबर, गावाहून आलेल्या पाहुण्यांना मुंबई दाखवायला. अशा प्रत्येक घोळक्यात एक सांगणारा असतो. तो पुष्कळदा अर्धेच बरोबर सांगतो. बोट दाखवून सांगतो, मध्येच अडतो, कोणीतरी त्याची चूक काढते, एखादी आत्या "आमच्या गावच्या देवळातही असाच द्वारपाल आहे" असे म्हणते आणि सगळ्यांची नजर पुन्हा एकदा त्या द्वारपालाकडे जाते. माझ्या वह्यांतल्या नोंदी चाळल्या की दिसते, एखाद्या शिल्पाकडे माणसाने दुसऱ्यांदा, निरखून बघणे हे जवळजवळ नेहमी कोणाच्या तरी बोलण्यामुळे घडलेले आहे. इअरफोन कानात गेला की सर्वांत आधी थांबते ते हे बोलणे.

ध्वनिमार्गदर्शकाची सुरुवात अशी एकटी नव्हती. आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्ये प्रेक्षकांच्या हाती छोटे रेडिओ दिले, तेव्हा दालनासाठी एकच फीत वाजत असे आणि सगळ्यांना एकाच क्षणी तेच वाक्य ऐकू येत असे. त्यामुळे सगळा जमाव एकदमच एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे सरकत असे. पुढे प्रत्येकाला आपापल्या गतीने फिरता यावे म्हणून कॅसेट आली, सीडी आली, मग फोन आला, आणि या सोयीबरोबर एकत्र ऐकणे मागे पडले. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २००२ मध्ये मांडलेला एक प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. फिलोली नावाच्या एका जुन्या वाड्यात त्यांनी जोडीने येणाऱ्या प्रेक्षकांना अशी उपकरणे दिली की आपल्या सोबत्याने कोणते निवेदन लावले आहे ते आपल्याही कानात हळूच ऐकू यावे. प्रयोगाचे नाव होते 'सोत्तो व्होचे', इटालियन भाषेत दबक्या आवाजात. सोबती काय ऐकतो आहे हे कळत असल्यामुळे माणसे निवेदन संपताच एकमेकांशी बोलू लागत, आणि यंत्राचे बोलणे त्यांच्या संभाषणातलीच एक पाळी होऊन जाई. हे वाचताना मला परळला आमच्या चाळीतला रेडिओ आठवला. तो एका खोलीत लावलेला असे, तीन खोल्यांना ऐकू जाई, आणि बातम्या संपल्या की त्यांच्यावरची चर्चा गॅलरीत सुरू होई.

घारापुरीच्या त्या दोन तासांत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मुख्य लेण्याला उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तिन्ही बाजूंनी उजेड येतो, आणि सदाशिवाची मूर्ती, जिला आपण सगळे त्रिमूर्ती म्हणतो, ती दक्षिणेच्या भिंतीत, उजेडापासून सर्वांत दूर कोरलेली आहे. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात तिथे एक मोठा काळोखा आकार दिसतो. मग डोळे सरावू लागतात. आधी मधला शांत चेहरा पुढे येतो, नंतर डावीकडचा उग्र अघोर, नंतर उजवीकडचा सौम्य वामदेव, आणि शेवटी जटामुकुटातले बारीक कोरीव काम. अंधाराला डोळे पूर्णपणे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, पण पहिल्या पाच-सात मिनिटांतच पुष्कळ फरक पडतो. याच पाच-सात मिनिटांत आपण माणसाच्या हातात उजळलेली पांढरी स्क्रीन देतो. तिच्याकडे एकदा बघितले की सरावलेले डोळे पुन्हा दिपतात, मूर्ती पुन्हा काळोखात जाते, आणि माणूस तिच्याऐवजी स्क्रीनवरचे तिचे छायाचित्र बघू लागतो, कारण तेच जास्त स्पष्ट असते. ज्यांनी हे लेणे खोदले त्यांनी उजेडाचा हा उलगडा योजला होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण आज तो तिथे आहे, आणि साधन आखताना तो मोडायचा नाही एवढे पथ्य पाळता येते. म्हणून लेण्यासाठी काही करायची वेळ आली की मी आता बोलणारे साधन आखते, उजळणारे नाही. आणि फोन वापरावाच लागला तर काळ्या पार्श्वभूमीवर मंद तांबूस अक्षरे ठेवते.

आता तुटलेल्या हातांविषयी. घारापुरीचे बहुतेक शिल्पपट भंगलेले आहेत. सदाशिवाच्या पूर्वेला अर्धनारीश्वर आहे, पश्चिमेला गंगाधर. दोन्ही पटांत हातपाय तुटलेले आहेत. नटराजाचे तर बरेचसे अवयव गेलेले आहेत. अशा ठिकाणी फोन समोर धरला की तुटलेले हात जागेवर उगवलेले दिसावेत, ही मागणी प्रत्येक बैठकीत होते. तांत्रिकदृष्ट्या ते आता कठीण नाही. पण तो हात कोणत्या मुद्रेत होता, त्यात काय धरलेले होते, हे आपण समकालीन शिल्पांवरून आणि मूर्तिशास्त्रावरून ठरवतो, म्हणजे काही भाग पुराव्याने आणि काही भाग अंदाजाने. संगणकावर वारसा उभा करताना पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो हे बघणाऱ्याला कळलेच पाहिजे, असे २००९ ची 'लंडन सनद' सांगते. चित्रात त्यासाठी अंदाजाचा भाग पारदर्शक ठेवतात, किंवा तुटक रेघेने काढतात. माझा अनुभव असा की पाच जणांच्या घोळक्यात एका फोनवर ही पारदर्शकता कोणाच्याही लक्षात येत नाही. मागून डोकावणाऱ्या आजींना नवा हात खराच वाटतो, आणि घरी गेल्यावर त्या तसेच सांगतात.

बोलण्यात मात्र मराठीने ही सोय आधीच करून ठेवलेली आहे, आणि ती माझ्या लक्षात यायला मला फार वर्षे लागली. "डावा हात तुटलेला आहे." हे आपण डोळ्यांनी बघतो. "हे लेणे सहाव्या शतकाच्या मध्याला कोरलेले असावे." हे अभ्यासकांचे अनुमान आहे, कारण पोर्तुगीज लेखकांच्या नोंदींनुसार इथला शिलालेख असलेला दगड काढून पोर्तुगालला नेला गेला आणि पुढे तो हरवला, त्यामुळे कोरवून घेणाऱ्याचे नाव आपल्याकडे उरलेले नाही. "पोर्तुगीज सैनिकांनी या मूर्तींवर नेमबाजीचा सराव केला, म्हणे." ही ऐकीव गोष्ट आहे, बेटावर कोणीही सांगेल, आणि ती सांगायलाच हवी, पण 'म्हणे' लावून. आहे, असावे, म्हणे. हे तीन शब्द लहान मुलांनाही अचूक कळतात. मी माझ्या निवेदनांच्या संहिता आता या तीन शब्दांसाठी तीन रंगांच्या पेन्सिलींनी तपासते, आणि इंग्रजी संहिता आधी लिहून तिचा मराठी अनुवाद करवून घेण्याची पद्धत मी यासाठीच सोडली, कारण अनुवादात सगळेच 'आहे' होऊन जाते.

डिजिटल तंत्रज्ञानावाचून जी गोष्ट मुळीच साधत नाही तिचे सर्वांत चांगले उदाहरण भायखळ्याला उभे आहे. घारापुरीच्या किनाऱ्यावर एक मोठा दगडी हत्ती होता. त्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना पडून फुटला, त्याचे तुकडे मुंबईत आणले गेले, १९१४ मध्ये ते जोडले गेले, आणि आज तो हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. राणीच्या बागेत आलेली मुले त्याच्याजवळ फोटो काढतात आणि जिवंत प्राणी बघायला पुढे जातात. बेटावर लाँचमधून उतरणाऱ्यांना नावातला हत्ती कुठेच दिसत नाही. या दोन जागांमध्ये लाँचचा तासाभराचा प्रवास आणि दीडशेहून अधिक वर्षे आहेत. धक्क्यावर उभे राहून पूर्ण आकाराचा हत्ती किनाऱ्यावर बघणे, आणि भायखळ्याला त्याच्यामागे समुद्राचा आवाज ऐकणे, यासाठी मी फोनचा कॅमेरा आनंदाने वापरेन. इथे अंदाज फारसा नाही, मूळ वस्तू आपल्यापाशी आहे, फक्त वस्तू आणि जागा एकमेकींपासून तुटल्या आहेत. शिवाय धक्क्यावर लख्ख ऊन असते. तिथे स्क्रीन कोणाचे डोळे दिपवत नाही. उन्हात ती वाचता येत नाही ही अडचण आहे, पण ती सावलीची एक चौकट बांधून सुटू शकते.

नोंद ठेवणे आणि अनुभव देणे ही दोन कामे आहेत, एवढे या ठिकाणी सांगून पुढे जाते. पॅरिसच्या नोत्र दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, तेव्हा अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने काही वर्षांपूर्वी लेझरने केलेले तिचे अतिशय बारीक मोजमाप पुनर्बांधणीच्या कामी आले. अशी नोंद आपल्या प्रत्येक लेण्याची, वाड्याची आणि चाळीचीही व्हायला हवी. पण नोंदीसाठी केलेले थ्रीडी मॉडेल उचलून प्रेक्षकांपुढे ठेवले म्हणजे त्यांना काही अनुभवायला मिळाले, असे होत नाही. मोजणाऱ्याला हवे ते त्यात असते, बघायला आलेल्या माणसाने काय विचारले असते ते नसते.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक मी इथे लिहून ठेवते. एका संग्रहालयासाठी मी एक मोठी टचस्क्रीन आखली होती. उद्घाटनाला ती सुंदर चालली. आठ महिन्यांनी सहज गेले, तर तिच्यावर कापडी खोळ घातलेली होती. दालनातल्या पहारेकरी काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "ताई, सकाळी चालू केलं की मध्येच एक चौकोन येतो, त्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं. चुकीचं बटण दाबलं तर माझ्यावर यायचं, म्हणून मी ती बंदच ठेवतो." तो चौकोन सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची सूचना होती. देखभालीचा करार संपलेला होता, तो पुन्हा करायला कोणाच्या खात्यात पैसे नव्हते, आणि मी आखलेल्या सगळ्या कागदांत काकांचा उल्लेख एकदाही नव्हता. मात्र स्क्रीन बंद असताना येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्या दालनातली नाणी तेच समजावून सांगत होते. त्यांचे सांगणे मी तासभर ऐकले. माझ्या स्क्रीनवर होते त्याहून ते कमी होते, पण समोरच्या मुलाचे वय बघून ते बदलत होते. त्यानंतर कोणत्याही कामाच्या पहिल्या बैठकीत मी एकच प्रश्न आधी विचारते: रोज सकाळी हे कोण चालू करणार आहे? आणि त्या व्यक्तीला बैठकीत बोलवावे असा आग्रह धरते.

टिकण्याचा प्रश्न फक्त आपल्या गरिबीचा नाही. इंग्लंडमध्ये १०८६ च्या 'डूम्सडे' या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये देशभरातून माहिती, छायाचित्रे आणि नकाशे गोळा करून लेझर डिस्कवर एक नवी नोंदवही केली. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती वाचवण्यासाठी तज्ज्ञांना खास प्रयत्न करावे लागले; चर्मपत्रावरची मूळ नोंदवही अजूनही उघडून वाचता येते. आपल्याकडे फ्लॅश या सॉफ्टवेअरवर केलेली किती संकेतस्थळे आणि संग्रहालयांच्या किती सीडी २०२० अखेर फ्लॅश बंद झाल्यावर निकामी झाल्या असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो, कारण त्यातल्या काही माझ्या परिचितांनी अतिशय जीव ओतून केलेल्या होत्या. कान्हेरीला पाण्याच्या टाक्यांवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके, अमुक गावच्या अमुक माणसाने दान दिले, एवढाच मजकूर. कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे अशी जवळजवळ दोन हजार वर्षे त्या दगडावर आहेत. त्याच वरच्या लेण्यांकडे चढत गेले की माझ्या फोनची रेंज जाते आणि तिथल्या माहितीसाठी इंटरनेट लागणारे कोणतेही साधन निरुपयोगी होते. घारापुरीला तर समुद्राखालून केबल टाकून वीजच २०१८ मध्ये पोहोचली. तोवर राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तिन्ही वस्त्या संध्याकाळच्या काही तासांच्या जनरेटरवर भागवत होत्या. तेव्हा इंटरनेटशिवाय चालेल, भर पावसाळ्यात चालेल, बंद पडले तर त्या जागेचे काही बिघडणार नाही, आणि त्यातला आवाज व मजकूर साध्या फाइलींच्या रूपात वेगळा जपलेला असेल, एवढ्या अटी मी आता करारातच घालते.

अक्षरांविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. किल्ल्यांच्या माहितीसाठी केलेल्या एका स्क्रीनवर आमचा मजकूर होता, "समोर खोल दऱ्या आहेत." छापून आले, "समोर खोल दर्या आहेत." डोंगरावरच्या किल्ल्यासमोर समुद्र आला, आणि तो कोणाच्या चुकीने नाही, तर निवडलेल्या फॉन्टला मराठीचा अर्धा ऱ ठाऊकच नव्हता म्हणून. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये ती दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला स्पष्ट सांगितले नाही तर तो हिंदीची वळणे उचलतो. वाचणाऱ्याला काय खटकते आहे ते सांगता येत नाही, फक्त ही पाटी आपल्यासाठी लिहिलेली नाही असे त्याला वाटत राहते. यंत्राकडून वाचून घेतलेल्या मराठीत हेच उच्चाराचे होते. 'चार' मधला च वेगळा आणि 'चाळ' मधला वेगळा. लिहिण्यात दोन्ही एकच. यंत्र पुष्कळदा 'चाळ' हा शब्द 'चार' मधल्या च ने वाचते, आणि गिरणगावाच्या माहितीत तो शब्द दर तिसऱ्या वाक्यात येतो. तिथल्या माणसाला तो पहिल्यांदा ऐकताच कळते की बोलणारा इथला नाही.

गिरणगावाचे काम माझ्या सर्वांत जवळचे आहे, म्हणून ते शेवटी ठेवले. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना केल्यापासून १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपापर्यंतचा, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, तो सगळा काळ आता लालबाग-परळच्या रस्त्यावरून चालताना जवळजवळ दिसत नाही. काही चिमण्या उरल्या आहेत, काही दरवाजे, काही चाळी. दिसत नाही ते ऐकवावे, म्हणून आम्ही काही मित्रमैत्रिणींनी निवृत्त कामगारांच्या आवाजात एक फेरी तयार करायला घेतली. पहिली आवृत्ती फोनवर होती: ठरलेल्या जागी पोहोचलात की आवाज आपोआप सुरू व्हावा. ती फसली. गिरण्यांच्या जमिनींवर आता उंच इमारती आहेत. उपग्रहाचा संदेश त्यांच्या भिंतींवरून आपटून येतो, फोनला आपण कुठे आहोत ते नीट कळत नाही, आणि आम्ही एका गल्लीत उभे असताना शेजारच्या गल्लीची गोष्ट सुरू होत असे.

त्याच आवृत्तीत सुरुवातीला गिरणीचा भोंगा होता. खरा ध्वनिमुद्रित भोंगा आम्हाला मिळाला नाही, म्हणून ध्वनिसंग्रहातून एक सायरन घेतला होता. साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, उभे आयुष्य काढलेल्या एका काकांना तो ऐकवला. त्यांनी दोन सेकंदांत हात वर केला. "हा भोंगा नाही. भोंगा असा ओरडत नाही, तो बोलावतो." मग त्यांनी तोंडाने आवाज काढून दाखवला: खालून सुरू होणारा, छातीतून येणारा, लांबच लांब. शेजारी बसलेल्या दुसऱ्या काकांनी मान हलवली आणि आपल्या गिरणीचा काढून दाखवला. तो थोडा वरच्या पट्टीत होता. काकींनी स्वयंपाकघरातून सांगितले की पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या आधी चूल पेटलेली हवी आणि दुसरा झाला की डबा दारात हवा. आम्ही सायरन काढून टाकला. आता फेरीत दोन काकांनी तोंडाने काढलेले दोन भोंगे आहेत, आणि ते खऱ्या भोंग्यासारखे असतील-नसतील, पण तो त्यांना कसा आठवतो याची ती खरी नोंद आहे हे मला खात्रीने माहीत आहे.

दुसरी आवृत्ती फोनवर नाही. जेवणाच्या डब्याएवढा एक स्पीकर आहे, त्यावर सात बटणे आहेत, आणि तो घोळक्यातल्या कोणीही एकाने धरायचा असतो. बहुतेक वेळा तो लहान मूल मागून घेते. रस्त्यावर गाड्यांच्या आवाजात तो ऐकू येत नाही, म्हणून थांबे चाळींच्या आवारात ठेवले आहेत. त्यासाठी तिथल्या रहिवाशांची परवानगी घेतली, आणि दुपारी लोक आडवे होतात म्हणून साडेचारच्या आधी फेरी काढायची नाही असे ठरले. प्रत्येक तुकडा दोन मिनिटांच्या आत संपतो आणि संपल्यावर स्पीकर वीस सेकंद गप्प राहतो. ही वीस सेकंदे मी संहितेत जितक्या काळजीने लिहिली आहेत तितक्या काळजीने कोणतेही वाक्य लिहिलेले नाही. पहिल्या तीन-चार सेकंदांत लोक एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी बोलते.

पाचव्या बटणावर खानावळ चालवणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी आधी माइकसमोर बोलायला नकार दिला होता. "मी काय सांगू, मी तर फक्त भाकऱ्या केल्या" असे म्हणाल्या. त्यांच्या जाऊबाईंना शेजारी बसवल्यावर मात्र दोघी दीड तास बोलल्या, बहुतेक वेळ एकमेकींना अडवत. एका ठिकाणी त्यांचे एकमत होत नाही. मावशी सांगतात की मेंबरांना, म्हणजे खानावळीत नेमाने जेवणाऱ्या कामगारांना, दर रविवारी मटण असायचे. जाऊबाई म्हणतात, दर रविवारी कुठले, तेवढे परवडले असते का. मी तो भाग कापलेला नाही. तो तुकडा तिथेच, वाद न मिटताच संपतो. गेल्या महिन्यात एका चाळीच्या आवारात आम्ही दहा-बारा जण तो ऐकत होतो. स्पीकर गप्प झाला, एका मुलीने आपल्या वडिलांना मेंबर म्हणजे काय ते विचारले, आणि तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून एका आजोबांचा आवाज आला, "पगार झाल्यावरच्या रविवारी! लिहून घ्या." सगळ्यांच्या माना वर गेल्या.